न पडता होणारी दुखापत : खेळाडूंच्या दुखण्याचे निदान कसे होते?

जबलपूर शहरातील राणीताल क्रीडा संकुलात मध्य प्रदेश शासनाची तिरंदाजी अकादमी आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड प्रकारात रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघातील मुस्कान किरार ही या अकादमीची खेळाडू. २०१९ मध्ये माद्रिद येथील जागतिक युवा स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारी रागिणी मार्को हीही येथेच घडली. तिरंदाजीत कोणी कोणाला धडकत नाही, कोणी धावत नाही, कोणी पडत नाही. पाहणाऱ्याला हा सर्वांत निर्धोक खेळ वाटतो. तरीही या खेळातील मुलामुलींच्या खांद्यांना दुखापती होतात, आणि त्या होताना कोणालाही दिसत नाहीत.

याचे कारण साध्या हिशेबातून समजते. रिकर्व्ह प्रकारातील महिला खेळाडूच्या धनुष्याचा ताण साधारणतः ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो असतो. पात्रता फेरीत ७२ बाण सोडावे लागतात. म्हणजे त्या एका फेरीत तिचा खांदा एकूण जवळजवळ १,३०० किलोंचा भार ओढतो. सरावाच्या दिवशी तिने ३०० बाण सोडले, तर हा आकडा ५,४०० किलोंवर जातो. कंपाउंड धनुष्याला चाके असल्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यानंतरचा भार बराच कमी होतो. परंतु तेथपर्यंत ओढताना संपूर्ण ताण खांद्यालाच पेलावा लागतो. एका बाणाने काहीच बिघडत नाही. बिघाड होतो तो हजारो बाणांच्या बेरजेने.

खेळाडूंच्या दुखापती समजून घेताना नेमकी हीच बाब बहुधा नजरेआड होते. रक्त आले, हाड मोडले, खेळाडू मैदानावरून उचलून न्यावा लागला, तर ती दुखापत मानली जाते. हळूहळू वाढत जाणारे दुखणे मात्र थकवा किंवा सरावाचा भाग समजून सोसले जाते. निदानास झालेला विलंब हाच अनेकदा मूळ इजेपेक्षा अधिक हानिकारक ठरतो.

दुखापतीच्या दोन वाटा

क्रीडावैद्यकात दुखापतींचे ढोबळमानाने दोन वर्ग केले जातात. पहिला वर्ग आकस्मिक दुखापतींचा. घोटा मुरगळणे, गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, खांदा निखळणे, स्नायू फाटणे या घटनांना निश्चित क्षण असतो. त्या कोणत्या चेंडूवर, कोणत्या उडीच्या वेळी घडल्या, हे खेळाडू सांगू शकतो.

दुसरा वर्ग अतिवापराच्या दुखापतींचा. यात असा क्षण नसतो. "नक्की केव्हा सुरू झाले ते आठवत नाही", हेच येथील पहिले लक्षण होय. तिरंदाजाचा खांदा, गोलंदाजाची पाठ, धावपटूची नडगी आणि बॅडमिंटनपटूचे कोपर ही या वर्गाची नेहमीची ठिकाणे आहेत. शरीरातील ऊतींची रोज थोडी झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. झीज भरून निघण्याच्या वेगापेक्षा होण्याचा वेग वाढला की दुखणे सुरू होते.

कोणती ऊती दुखावली आहे, यावर उपचार व काळ अवलंबून असतो. हाडाला हाडाशी बांधणारा तो अस्थिबंध, ज्याला सर्वजण लिगामेंट म्हणतात; स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा; आणि सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण म्हणजे कूर्चा. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तो लवकर भरून येतो. कंडरा व अस्थिबंध यांना अधिक वेळ लागतो. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठाच नसल्याने तिची झीज भरून येणे सर्वांत कठीण असते.

निदानाचा आरंभ यंत्राने नव्हे, प्रश्नांनी

दुखणे सुरू झाले की घरची मंडळी प्रथम विचारतात, "एमआरआय काढायचा का?" अनुभवी डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट मात्र आधी प्रश्न विचारतो. दुखणे अचानक सुरू झाले की हळूहळू? कोणत्या हालचालीने वाढते? आवाज झाला का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी? त्यानंतर खेळता आले का? गेल्या महिन्यात सराव वाढविला होता का? बूट, मैदान, धनुष्य किंवा बॅट बदलली होती का? यानंतर तपासणी होते: दुखऱ्या जागेवर बोटाने दाबून पाहणे, दोन्ही बाजूंची तुलना करणे, सांधा हलविणे आणि प्रतिकार देऊन स्नायूचे बळ जोखणे. बहुतेक सामान्य दुखापतींचे निदान एवढ्यावरच पुष्कळसे स्पष्ट होते.

छायाचित्रण हे निदान पक्के करण्यासाठी असते, निदानाच्या ऐवजी नव्हे. एक्स-रे हाड दाखवितो. अस्थिबंध व कंडरा त्यात दिसत नाहीत. एमआरआय या दोन्ही दाखवितो, परंतु कधी कधी गरजेपेक्षा अधिक दाखवितो. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या खांद्यांचा एमआरआय केला असता त्यातही झीज व बारीक फाटी आढळतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. अहवालात लिहिलेला बिघाड आणि खेळाडूला होणारा त्रास यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणारा हातच ठरवितो.

तिरंदाजाचा खांदा

खांदा हा शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा आहे आणि म्हणूनच तो अस्थिरही आहे. दंडाच्या हाडाचे गोल डोके एका उथळ वाटीत टेकलेले असते. त्याला जागेवर ठेवण्याचे काम चार लहान स्नायूंच्या कंडरा करतात. त्यांच्या समूहास रोटेटर कफ असे म्हणतात. धनुष्य धरणारा हात खांद्याच्या उंचीवर ताठ राहतो आणि दोरी ओढणारा हात मागे जातो. पाठीचे मोठे स्नायू थकले किंवा ओढण्याची पद्धत चुकली, की भार या लहान कंडरांवर येतो.

प्रारंभी दुखणे सरावाच्या शेवटी जाणवते, मग सरावाच्या आरंभापासून, आणि पुढे त्या कुशीवर झोपल्यास रात्रीही. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि त्याच्या वर पुन्हा हलके वाटते, ही रोटेटर कफच्या दुखण्याची परिचित खूण आहे. हात दुखतो परंतु जोर शाबूत आहे, तर बहुधा कंडरेची क्षोभयुक्त अवस्था असते. हात उचलण्याचे बळच गेले असेल, तर कंडरा फाटल्याची शंका घेऊन सोनोग्राफी किंवा एमआरआय करणे आवश्यक ठरते.

अशा बहुतेक खांद्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. बाणांची संख्या तात्पुरती कमी करणे, हलके धनुष्य वापरणे, खांद्यामागच्या पंख्यासारख्या हाडाभोवतीचे स्नायू बळकट करणे आणि ओढण्याची पद्धत सुधारणे हा मुख्य उपचार होय. वाढत्या वयातील मुलांच्या हाती लवकर जड धनुष्य देण्याचा मोह प्रशिक्षकांनी टाळावा, असे म्हटले जाते ते यामुळेच.

या विषयाला आता अधिक महत्त्व आले आहे. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र दुहेरीचा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. जबलपूर असो वा सातारा, या प्रकाराकडे वळणाऱ्या मुलांपुढे ऑलिंपिकचे स्वप्न प्रथमच उभे राहिले आहे. स्वप्न मोठे झाले की सरावाचे तासही वाढतात.

सचिनचे कोपर

अतिवापराची दुखापत किती चिवट असते, हे मराठी वाचकाने २००४ आणि २००५ या वर्षांत जवळून पाहिले आहे. ऑगस्ट २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने त्रास देण्यास सुरुवात केली. टेनिस एल्बो हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला. त्या दुखण्यामुळे त्याला चॅम्पियन्स ट्रॉफी आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने मुकावे लागले. दुखणे परतत राहिले. अखेर मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला.

टेनिस एल्बो होण्यासाठी टेनिस खेळावेच लागते असे नाही. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यावर ज्या कंडरेने जोडलेले असतात, तिची ही झीज होय. त्या उंचवट्यावर दाबले असता आणि मनगट प्रतिकाराविरुद्ध वर उचलले असता कळ येते. चहाचा कप उचलतानाही दुखते. याला दीर्घकाळ दाह समजले जाई. परंतु जुन्या दुखण्यात दाहापेक्षा कंडरेच्या तंतूंची मोडतोड अधिक असते, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणूनच स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडला तरी वर्षभरानंतरचा परिणाम त्याविना केलेल्या उपचारापेक्षा उणाच ठरतो. क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम हाच कंडरेचा खरा उपचार आहे आणि तो आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावा लागतो.

घोटा मुरगळतो तेव्हा

जबलपूर हे हॉकीचेही जुने शहर आहे. १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांतील रूपसिंग यांचा जन्म येथे १९०८ मध्ये झाला. अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या महिला हॉकीपटू मधू यादव याच शहरातल्या. हॉकी, कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल अशा एकाएकी दिशा बदलणाऱ्या सर्व खेळांत घोटा मुरगळणे ही नित्याची बाब आहे. बहुतेक वेळा पाऊल आतल्या बाजूस वळते आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो.

येथे पहिला प्रश्न असतो तो हाड मोडले आहे काय, हा. कॅनडातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपे नियम मांडले. ते ओटावा नियम म्हणून जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागील कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटर भागात किंवा टोकावर हाड दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरील कडेचे मधले हाड किंवा आतील बाजूचे कमानीजवळचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तरीही तो काढावा. यांपैकी काहीच नसेल, तर हाड मोडल्याची शक्यता अत्यल्प असते. ज्या गावात एक्स-रेची सोय दूर आहे, तेथील क्रीडाशिक्षकाला हे नियम विशेष उपयोगी पडतात. मात्र लहान मुले, पायाची संवेदना कमी असलेली माणसे किंवा एकाच वेळी अनेक जागी मार लागलेला खेळाडू यांच्याबाबतीत केवळ या नियमांवर विसंबू नये.

मुरगळलेला घोटा सूज उतरताच बरा झाला, असे समजणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळविणारे मज्जातंतूही असतात. ते दुखावल्याने तोल बिघडतो आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. एका पायावर उभे राहण्यासारखे तोलाचे व्यायाम काही आठवडे करणे म्हणूनच उपचाराचा आवश्यक भाग ठरते.

गुडघ्यातला तो आवाज

११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये पाण्याच्या खड्ड्याजवळचा अडथळा पार करताना पडला. हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक आणि पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या या धावपटूच्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध व मेनिस्कस दुखावल्याचे निदान झाले. त्याच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया करण्यात आली आणि सप्टेंबर २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेस त्याला मुकावे लागले.

गुडघ्यात एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा, म्हणजे एसीएल, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. विशेष म्हणजे हा अस्थिबंध बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याविना तुटतो. उडी मारून चुकीच्या कोनात जमिनीवर येणे किंवा पाय रोवून एकदम वळणे एवढेही त्याला पुरेसे होते. फुटबॉल व बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या तुलनेत दोन ते तीन पट अधिक असतो.

खेळाडूचे वर्णन येथे मोलाचे ठरते. टक् असा आवाज किंवा काहीतरी सुटल्याची जाणीव, खेळ थांबविणे भाग पडणे आणि पहिल्या दोन तासांतच गुडघा टम्म फुगणे ही लक्षणे एकत्र आली, तर सांध्यात रक्तस्राव झाला असून एसीएल तुटल्याचा संशय बळावतो. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, गुडघा मध्येच अडकतो किंवा पूर्ण सरळ होत नाही, असे असेल तर मेनिस्कस या कूर्चेच्या गादीला फाट पडल्याची शक्यता अधिक असते. डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतो. दोन्ही गुडघ्यांत फरक जाणवला, तर एमआरआयने खात्री केली जाते.

काही आठवड्यांत सूज उतरते आणि सरळ धावणेही जमू लागते. येथेच अनेक खेळाडू फसतात. अस्थिबंधाविना वळताना गुडघा निसटतो, प्रत्येक निसटण्याने मेनिस्कस व कूर्चा यांची हानी होते, आणि विशीतल्या खेळाडूच्या गुडघ्याला अकाली संधिवाताची वाट मोकळी होते. शस्त्रक्रियेनंतरही घाई चालत नाही. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळते.

धावताना अचानक कळ

२१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी, आपले चौदावे षटक टाकत असताना, श्रीरामपूरचा झहीर खान मांडीचा मागचा भाग धरून थांबला. त्या मालिकेतील पुढील एकही कसोटी त्याला खेळता आली नाही. मांडीमागचे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, हे वेगाने धावताना पाय पुढे टाकण्याच्या शेवटच्या क्षणी ताणलेल्या अवस्थेत काम करीत असतात. त्याच क्षणी ते फाटतात.

या दुखापतीच्या तीन श्रेणी मानल्या जातात. पहिलीत थोडे तंतू फाटतात. दुखते पण चालता येते. दुसरीत बळ कमी होते, लंगडावे लागते आणि काही दिवसांत काळानिळा डाग उमटतो. तिसरीत स्नायू किंवा त्याची कंडरा पूर्ण तुटते. बसायच्या हाडाजवळ तुटले असल्यास शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. ही दुखापत पुन्हा होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. दुखणे थांबणे आणि स्नायूचे बळ परत येणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरातच खेळाडू मैदानात उतरतो.

भरतीचा सराव आणि नडगी

जबलपूर येथे ग्रेनेडियर्स तसेच जम्मू आणि काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. सैन्यभरतीचे स्वप्न पाहणारी मुले या भागातील रस्त्यांवर पहाटे धावताना दिसतात. महाराष्ट्रातही पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यासाठी गावोगाव हेच दृश्य असते. भरतीची तारीख जाहीर होते आणि ज्याला धावण्याची सवय नाही, असा तरुण एकदम रोज कित्येक किलोमीटर डांबरावर धावू लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते.

येथे निदानाचा एक साधा पण महत्त्वाचा फरक आहे. नडगीच्या आतील कडेला पाच सेंटिमीटर किंवा अधिक लांबीवर पसरलेले, सराव सुरू करताना जाणवणारे आणि शरीर तापल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा शिन स्प्लिंट्सचे असते. सराव कमी केल्याने ते शमते. याउलट दुखरी जागा एका बोटाने दाखविता येते, धावताना दुखणे वाढतच जाते, त्या पायावर उडी मारली तर कळ येते आणि रात्रीही ठणकते, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" या शब्दांवर विसंबून धावणे चालू ठेवले, तर चिरेचे रूपांतर पूर्ण अस्थिभंगात होऊ शकते. वेळीच विश्रांती घेतल्यास बहुतेक चिरा सहा ते आठ आठवड्यांत भरून येतात. जांघेतील दुखण्याकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहावे. मांडीच्या हाडाच्या मानेवरील चीर धोकादायक असते.

या दुखापतीचे मूळ कधी कधी ताटात असते. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर हाडांच्या देखभालीत कपात करते. मुलींमध्ये याचा इशारा मासिक पाळीतून मिळतो. पाळी तीन महिने वा अधिक काळ थांबली, तर "सराव जास्त आहे म्हणून" असे समाधान करून घेऊ नये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीकडे विशेष लक्ष वेधले आणि ती मुलांमध्येही आढळते, हे नमूद केले. प्रशिक्षकाशी या विषयावर बोलण्याचा संकोच अनेक मुलींना निदानापासून दूर ठेवतो.

वाढत्या वयाची हाडे

मुले म्हणजे लहान आकाराचे प्रौढ नव्हेत. त्यांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीचा कूर्चामय थर असतो आणि तो आसपासच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतो. ज्या धक्क्याने प्रौढाचा घोटा मुरगळतो, त्याच धक्क्याने मुलाच्या वाढीच्या थराला इजा होऊ शकते. म्हणून मुलांच्या सांध्याजवळील दुखऱ्या हाडाची तपासणी टाळू नये. दहा ते पंधरा वर्षांच्या खेळाडूंत गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखणे किंवा त्याहून लहान मुलांत टाच दुखणे हे बहुधा झपाट्याने वाढणाऱ्या हाडावर कंडरेचा ओढ बसल्याने होते. सराव आवरता घेतला की ते वाढीबरोबर ओसरते.

पहिले तीन दिवस

इजा होताच जागेवर चोळणे, गरम तेलाने मालीश करणे किंवा हाडवैद्याकडे नेऊन सांधा ओढून घेणे ही प्रथा आजही प्रचलित आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक व मालीश यांनी रक्तस्राव व सूज वाढते, आणि हाड मोडलेले असल्यास ओढाताणीने नसा व रक्तवाहिन्यांना इजा पोहोचू शकते.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले. बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे म्हणत पुढे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले. आजचा सल्ला असा, की पहिले एक ते तीन दिवस जागेला जपावे, दाबपट्टी बांधावी, भाग उंच ठेवावा. वेदना फार असल्यास बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. आणि त्यानंतर दुखणे वाढणार नाही इतपत हालचाल लवकर सुरू करावी. दीर्घकाळ पडून राहणे स्नायूंना दुबळे करते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न लावता रुग्णालयात जावे :

- हाड किंवा सांध्याचा आकार बदललेला असणे
- दुखापतीच्या खालचा भाग बधिर, थंड किंवा पांढरा पडणे
- त्या पायावर चार पावलेही न टाकता येणे
- सांधा लाल व गरम होऊन ताप येणे
- डोक्याला मार लागल्यानंतर गोंधळलेपणा, उलटी, तोल जाणे किंवा काही क्षणांचे विस्मरण

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूस शुद्ध हरपली नसली तरीही त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणजे मेंदूला धक्का बसलाच नाही, असे होत नाही.

वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन स्पर्धेत उतरणे हा सर्वांत घातक शॉर्टकट होय. वेदना हीच शरीराची सूचना असते. ती बंद केल्याने इजा थांबत नाही. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात सर्व प्रकारच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे स्टेरॉइड इंजेक्शनांवर उत्तेजक विरोधी नियमांनुसार बंदी आहे. सांध्यात घेतलेल्या इंजेक्शनाबद्दलही खेळाडूवर कारवाई होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

सांगण्याचे धैर्य, ऐकण्याची सवय

दुखापती पूर्णपणे टाळता येत नाहीत. परंतु कमी करता येतात. फुटबॉलसाठी तयार केलेला 'इलेव्हन प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम नियमित करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही कमी झाल्याचे आढळले आहे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. सरावात एकाएकी वाढ न करणे, आठवड्यातून किमान एक दिवस विश्रांती घेणे, पुरेशी झोप आणि पुरेसे अन्न या गोष्टी लहान गावातही शक्य आहेत.

आणखी एक साधन त्याहून स्वस्त आहे. ते म्हणजे वही. तिरंदाजाने रोज किती बाण सोडले, धावपटू किती किलोमीटर धावला, गोलंदाजाने किती षटके टाकली, आणि त्या दिवशी दुखणे शून्य ते दहा या मापात किती होते, एवढे दोन आकडे लिहावेत. दोन महिन्यांनी डॉक्टरपुढे ती वही ठेवली, तर दुखणे केव्हा व कशामुळे सुरू झाले, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडते.

परंतु ती वही प्रामाणिकपणे लिहिली जाण्यासाठी भीती दूर व्हावी लागते. अकादमीतील जागा जाईल, संघातून नाव वगळले जाईल, भरतीची संधी हुकेल, या धास्तीने सतरा-अठरा वर्षांची मुले दुखणे लपवितात. त्यांच्या मागे अनेकदा एक संपूर्ण कुटुंब त्या एका निवडीवर डोळे लावून बसलेले असते. लपविलेल्या दोन आठवड्यांच्या दुखण्यासाठी पुढे सहा महिने मोजावे लागतात, आणि कधी कधी खेळच सोडावा लागतो. दुखापतीचे निदान रुग्णालयात होते, पण त्याची सुरुवात मैदानावर होते. खेळाडूने "आज खांदा दुखतो आहे" असे सांगितल्यावर प्रशिक्षकाने "किती दिवसांपासून?" असे विचारावे. बहुतेक खांदे वाचविण्यास तेवढे पुरेसे असते.